मध्ये आई, भोवती बाण

नंदनवन, नागपूर.
माघातला रविवार, दुपार.

सावनेरनिवासी, कपाशीचे जाणते आणि माझ्या पत्नीचे वडीलबंधू बळीरामभाऊ यांच्या पायांशी (गुडघे दुखतात असं कळलं, म्हणून जरा अंतर राखून) वामनचा नमस्कार.

आरंभी एक तक्रार नोंदवून ठेवतो. पौषात मी आपल्याला चार पानांचं पत्र लिहिलं. पाकीट आणलं, तिकीट चिकटवलं आणि पोस्टाची लाल पेटी अजून जागेवर आहे का, हे पाहत अर्धं नंदनवन हिंडलो. आपण त्याचं उत्तर मोबाइलवर दिलंत. उत्तर म्हणजे एक अंगठा. पिवळा. मी जन्मभर संस्कृत शिकवत आलो. वाक्यात जे लिहिलेलं नाही ते संदर्भाने भरून घ्यायची मला सवय आहे. पण पत्र मिळालं, पत्र वाचलं, पत्र पटलं आणि 'आता पुरे करा' या चार अर्थांपैकी त्या अंगठ्याचा नेमका कोणता, हे मला ठरवता आलं नाही. शेवटी आपल्या बहिणीला, वच्छलेला, दाखवलं. ती म्हणाली, "दादानं अंगठा धाडला हेच लय झालं जी. तुमचं चार पानं वाचाले माणूस रिकामा पाहिजे न!" प्रकरण मी तूर्त मिटवलं आहे, मनातून काढलेलं नाही.

शामलावहिनींची साखर आटोक्यात असेल. (असेल, असं मी केवळ रीत म्हणून लिहितो. संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा डबा कुणी संपवला, ही वार्ता सावनेरहून आमच्यापर्यंत पोचलेली आहे.) तुरीच्या शेंगा मिळाल्या. उकडून खाल्ल्या, वच्छलेनं डाव्या हाताने सोलल्या, आणि निम्म्या माझ्याकडे उडाल्या त्या चुकून की मुद्दाम, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

आता तिच्या प्रकृतीचं सरळ लिहितो. श्रावणात अर्धांगाचा झटका आला तेव्हा आपण इथंच होता, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. पाय बराचसा परतला. काठी घेऊन घरभर फिरते. उजवा हात मात्र अजून पाहुण्यासारखा मांडीवर बसून असतो. बोलणं पूर्ण शाबूत आहे. किंबहुना पूर्वी हाताने करायची ती कामंही आता बोलूनच उरकते. डॉक्टरांचं म्हणणं असं की ती स्वतः जितकं करेल तितका हात लवकर येईल. पण महिनाअखेर अबोलीची रजा संपते आणि ती बंगलोरला कामावर जाते. मी सकाळी सातला कॉलेजात जातो तो दुपारी एकला परततो. तेवढा वेळ वच्छला घरात एकटी. त्या वेळात आपला चहा, आपलं पाणी, आपली गोळी तिला आपल्या हाताने घेता आली पाहिजे. आमच्या घरात सध्या हा एकच प्रश्न आहे. (बाई ठेवा, असं आपण म्हणाल. ठेवली होती. आपल्या बहिणीनं तिला पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसून फोडणी शिकवायला घेतली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.)

तर हा प्रश्न अबोलीनं हाती घेतला. आपली भाची ज्या कामाचा पगार घेते त्याला डिझाइन म्हणतात. मी इतकी वर्षं समजत होतो की ती चादरींवरची फुलं काढते. तसं नाही. माणूस एखादी वस्तू वापरताना कुठे अडतो, कुठे वैतागतो हे ती बघते, आणि मग ती वस्तू कशी असावी ते ठरवते. आणि हा सगळा विचार ती डोक्यात न करता भिंतीवर करते. हॉलमध्ये दिवाणाच्या वर तिनं खाकी कागद चिकटवला. (तिथे माझ्या पीएच.डी.च्या सत्काराचा फोटो होता. तो आता न्हाणीघराच्या दाराशी आहे.) कागदाच्या मधोमध तिनं एक वर्तुळ काढलं आणि त्यात लिहिलं: आई. त्या वर्तुळातून सहा बाण निघाले: चहा, पाणी, जेवण, गोळी, देव, फोन. प्रत्येक बाणावर आकडा, म्हणजे दिवसातून तिथे किती फेऱ्या होतात तो. प्रत्येक बाणाला पुन्हा फांद्या, फांद्यांना रंगीत चिठ्ठ्या. दोन दिवसांत भिंत अशी झाली की वरच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीताई आल्या, चपला दाराबाहेर काढल्या, कागदापुढे हात जोडले आणि हळूच विचारलं, "पत्रिका कुनाची मांडून राहिले सर?"

मी सुरुवातीला या पद्धतीचा आदर करू शकलो नाही, हे कबूल करतो. आमच्याकडे विचार ओळीत चालतो. आधी हे, म्हणून ते. वर्तुळातून चहूकडे पळणारा विचार मला शिस्तीत वाढलेला वाटेना. पण तिसऱ्या दिवशी मी त्या कागदापुढे उभा राहिलो आणि थांबलो. गोळी जेवणानंतर घ्यायची. जेवण वाढून घ्यायला उजवा हात हवा. आणि उजवा हात सुधारायला गोळी. तीन बाण एकमेकांच्या शेपटीला धरून गोल फिरत होते. याला आम्ही चक्रक म्हणतो, गोष्टी गोल फिरून एकमेकींवरच टेकून उभ्या असल्या की होणारा दोष, आणि तो मुलांच्या गळी उतरवायला मला वर्षातले दोन आठवडे लागतात. पोरीनं तो तीन बाणांत दाखवला, तेही त्याचं नाव माहीत नसताना. मी गुपचूप पुढची चिठ्ठी लिहायला बसलो.

मग तिनं मला कामाची रीत समजावून सांगितली. एकापुढे एक असे दोन चौकोन काढले, तिरपे, टोकावर उभे केलेले. वच्छला दिवाणावरून बघत होती. "शंकरपाळे काहून काढून राहिली वं?" तिनं विचारलं. अबोली म्हणाली की आधी विचार रुंद करायचा, मग आवळायचा, पुन्हा रुंद, पुन्हा आवळायचा. पहिल्या शंकरपाळ्यात खरा त्रास कोणता ते शोधायचं, दुसऱ्यात उपाय. आणि रुंद करत असताना कुठलीही कल्पना वाईट आहे असं म्हणायचं नाही. भाऊ, या नियमानं माझे फार हाल झाले. आमच्या शास्त्रात समोरच्याचं मत मांडतात ते खोडता यावं म्हणून. इथे खोडणं बंद. मी सुचवलं की वच्छलेच्या खुर्चीला दोरी बांधून दुसरं टोक प्रमोदिनीताईंच्या घंटेला जोडावं; अबोलीनं ते आदराने लिहून घेतलं. वच्छलेला सध्या हाताने लिहिता येत नाही, म्हणून तिनं तोंडी सांगितलं, "ओट्यापासची माणसं कमी करा." तेही लिहून घेतलं.

त्रास शोधण्यासाठी वच्छलेनं चहा करावा आणि आम्ही दोघांनी तो पाहावा, असं ठरलं. अबोलीनं कागदावर ओळीने चौकटी आखल्या: गंज (म्हणजे पातेलं) घेणं, पाणी ओतणं, साखर, पत्ती, दूध. प्रत्येक चौकटीखाली त्या क्षणाचा आईचा चेहरा काढायचा, ते काम माझ्याकडे. (माझ्या हातून सगळे चेहरे आमच्या प्राचार्यांसारखे आले, आणि तेही पगारवाढीचा विषय निघाल्यावरच्या प्राचार्यांसारखे.) वच्छला ओट्याशी उभी, काठी ओट्याला टेकवलेली, डाव्या हाताने साखरेच्या डब्याचं झाकण फिरवते आहे, आणि डबाही झाकणाबरोबर गरागरा फिरतो आहे. मी पुढे झालो. अबोलीनं माझा सदरा मागून धरला. "बाबा, हात नाही लावायचा. निरीक्षण आहे." वच्छलेनं डबा उचलून हनुवटीशी धरला, झाकण दातांनी धरलं, उघडलं. मी चेहरा काढला. तो पहिल्यांदाच प्राचार्यांसारखा आला नाही. मी तो त्या दोघींना दाखवायला गेलो, त्या दोघी तो पाहायला वळल्या, आणि तेवढ्यात सगळं दूध उतू गेलं. अबोलीनं त्या चौकटीत लिहिलं: निरीक्षकांमुळे.

एवढ्यावरून तिनं खरा नकाशा काढला, तो मात्र उत्तम होता. फिरकीची झाकणं बाद. ओट्याचा एक तुकडा बसून काम करता येईल इतका खाली, त्याला काठ, म्हणजे भांडं सरकणार नाही. कांदा, बटाटा टोचून ठेवायला फळीवर दोन खिळे, म्हणजे एका हाताने चिरता येईल. उंबऱ्याला उतार. मोजमापासह सगळं एका वेगळ्या कागदावर. लकडगंजातल्या आरागिरण्यांमागे विक्की नावाचा सुतार आहे, त्याला या कागदाचा फोटो धाडायचं काम माझ्यावर सोपवून अबोली आंघोळीला गेली.

इथे माझी विद्या आडवी आली. कुठल्याही ग्रंथाच्या आरंभी त्याचं प्रयोजन सांगावं, मग विषय, हे मी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकवलं आहे. नुसती मापं धाडली तर त्या माणसाला कळणार कसं की हे कशासाठी? म्हणून मी आधी भिंतीवरचा मोठा कागद धाडला: मध्ये आई, भोवती सहा बाण. त्याखाली लिहिलं, 'सर्व काही याच्या अनुरोधाने.' मोजमापाचा कागद त्यानंतर धाडणार होतो. तेवढ्यात कॉलेजचा फोन आला.

संध्याकाळी विक्कीचा फोन. "सर, गोलच पाहिजे न? आजकाल सब चौकोनी चालते, म्हणून विचारून राहिलो." मला वाटलं, माणूस मर्मज्ञ आहे, थेट मूळ कल्पनेशी भिडला. मी म्हणालो, गोलच. "अन् बीच मध्ये आई?" मी म्हणालो, तेच तर मुख्य, मध्ये आई, बाकी सगळं तिच्याभोवती. "अन् ह्या नंबरचं काय, सर?" मी म्हणालो, ते महत्त्वाचे आहेत, ते तंतोतंत पाळ. विक्की म्हणाला, "होऊन जाईन सर. पहिल्यांदाच बनवून राहिलो, पन होऊन जाईन."

गेल्या रविवारी तो टेंपो घेऊन आला. भाऊ, मी जे पाहिलं ते लिहितो, अतिशयोक्ती करत नाही. सागवानी रंगाच्या प्लायवुडचं एक गोल टेबल. मधोमध एक भोक, आणि भोकात एक स्टूल. टेबलाच्या कडेतून सहा हात बाहेर आलेले, प्रत्येकाची लांबी वेगळी, कारण दिवसातल्या फेऱ्यांचे आकडे त्याने इंच समजून कापले होते. पाण्याचा हात सगळ्यांत लांब. देवाचा हात दोन इंचांचा, जेमतेम एक उदबत्ती मावेल असा. प्रत्येक हातावर रंगाने नाव: चहा, पाणी, जेवण, गोळी, देव, फोन. आणि टेबलाच्या एका भागाला बिजागरी. "हे कशाला?" मी विचारलं. "आईले अंदर जायले," विक्की म्हणाला. त्याची मुद्रा काम नीट झाल्याची होती, आणि मी त्याला जे सांगितलं होतं ते पाहता त्याला दुसरं काय वाटावं? टेबल स्वयंपाकघराच्या दारातून जाईना, म्हणून ते हॉलमध्येच मांडलं. त्यापुढे हॉलमध्ये जे उरलं त्यातून एका वेळी एकाच माणसाला जाता येतं, तेही आडवं.

अबोलीनं फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात मोजमापाचा न गेलेला कागद मला स्पष्ट दिसला. वच्छला काठी टेकत आली. तिनं टेबलाला एक प्रदक्षिणा घातली. "हे काय जी?" ती म्हणाली. "गाभाऱ्यात मूर्ती बसवता तशी बसवून राहिले का मले? अन् निवद कोन दाखवन?" आणि मग भाऊ, ती हसायला लागली. श्रावणापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. बोलायची, टोमणे मारायची, पण हसायची नाही. आता इतकी हसली की अबोलीनं तिला धरून खुर्चीत बसवलं. विक्कीही हसला. मी विद्वत्तेला शोभेल इतपत हसलो.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "आता तुम्ही बसून दाखवा." मी नको म्हणालो. "बसा न जी! पाहू त द्या कसं दिसते!" मी बिजागरी उघडून आत गेलो आणि त्या स्टुलावर बसलो. माझ्या चहूबाजूंनी चहा, पाणी, जेवण, गोळी, देव आणि फोन. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाली, "हां. आता बरोबर दिसते. कागदावर नाव माझं लिवलं अबोलीनं, पन मंधात त हेच बसले हायेत. सकाळी पानी भरून ठेवते कोन? हे. गोळी काढून ठेवते कोन? हे. झाकन सैल करून ठेवते कोन? हे. ह्यायचं काही कमीजास्त झालं त मी काय या टेबलाले चहा मागू?"

सगळे पुन्हा हसले. विक्की तर फारच. मीही हसलो, शेवटी थांबणारा मीच होतो. अबोली मात्र हसता हसता उठली, लाल पेन घेतलं आणि भिंतीवरचे बाण एकेक करून पुन्हा काढू लागली. आईपासून चहापर्यंतचा बाण आता मध्ये एका नव्या वर्तुळातून जाऊ लागला: बाबा. पाण्याचाही. गोळीचाही. देवाचासुद्धा. (दिव्यात तेल मी घालतो.) साऱ्या बाणांनी एकच वर्तुळ गाठलं आणि तिथून पुढे गेले. काढून झाल्यावर ती लांब जाऊन उभी राहिली. "बाबा, आमच्याकडे असं चित्र आलं ना, की आम्ही काम थांबवतो," ती म्हणाली. "एकाच खिळ्यावर सगळं टांगलंय." मी स्टुलावरून उठायचं विसरलो होतो. वच्छला म्हणाली, "निंगा आता बाहेर. आवडलं का बसाले?"

त्यानंतर कामं झाली, ती थोडक्यात लिहितो. विक्कीनं खरा कागद पाहून खालचा ओटा केला, खिळ्यांची फळी केली, उंबऱ्याला उतार दिला. डब्यांची झाकणं बदलली. काल वच्छलेनं बसून, एका हाताने, कुणाच्याही निरीक्षणाविना चहा केला. गोड फार झाला होता. मी दोन कप घेतले. तिला वाटतं आहे की जमेल. अबोलीला वाटतं आहे की बहुतेक जमेल. पण लाल बाण तिनं पुसलेले नाहीत, आणि रोज जेवताना ती एकदा भिंतीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहते.

आपल्याला हे सविस्तर लिहायचं कारण ते टेबल. ते इथे ठेवणं अशक्य आहे आणि मोडायला विक्की तयार नाही. त्याला त्याचा अभिमान वाटतो. सावनेरला आपल्याकडे अंगण आहे. मध्ये बसून भोवती सहा जिनसा निवडता येतील, असं फर्निचर तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल. येत्या गुरुवारी आपण गाडी घेऊन यावं आणि ते न्यावं, अशी विनंती. शामलावहिनींना नमस्कार, वड्यांचा विषय मी काढला हे त्यांना सांगू नये.

आपल्या बहिणीचा नवरा,
वामन

ता. क. पत्र बंद करण्याआधी वच्छलेला टेबलाचं सांगितलं. ती ते द्यायला तयार नाही. उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळत घालणार आहे आणि स्वतः मध्ये बसून कावळे हाकणार आहे. तेव्हा गाडी आणू नका. बसने आलात तरी चालेल. पण गुरुवारी या.

ता. क. दुसरा. गुरुवारी सकाळी शक्य तितक्या लवकर या आणि संध्याकाळपर्यंत थांबा. टेबल न्यायला आलो म्हणून सांगा. ती नाही म्हणेल, तुम्ही हट्ट धरा, दिवस तसाच जाईल. तुम्हा दोघांना हे लहानपणापासून जमतं. अबोलीला रजा असली तरी त्या दिवशी घरूनच कामाच्या मीटिंगा आहेत, तिच्याकडून काही होणार नाही. दुपारची गोळी मी काढून ठेवीन. घेतली की नाही तेवढं पाहा. मी कॉलेजच्या कामाला गेलो आहे, असं तिला सांगितलेलं असेल.

ता. क. तिसरा. कॉलेजचं काम नाही. मागच्या महिन्यात वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मुलांसमोर खाली बसलो. डॉक्टरांनी हृदयाच्या नळ्या तपासायला सांगितल्या आहेत. गुरुवारी त्याचसाठी जातो आहे. सगळं ठीक असलं तर संध्याकाळी घरी सोडतात. अबोलीला सांगितलं तर ती नोकरी सोडून इथे राहील, वच्छलेला सांगितलं तर ती पुन्हा हसणार नाही, म्हणून दोघींना सांगितलेलं नाही. भाऊ, मला भीती वाटते आहे. मी नसलो तर तिला कोण बघेल, हे मला माहीत नाही, आणि आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारावं तेही सुचत नाही.